भाव करणाऱ्याची पहिली नजर

धंद्याच्या कामाने गोंदियाला पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेक वेळा रेल्वेनेच येतो. हावडा-मुंबई मार्गावरचे हे मोठे जंक्शन. मुंबईहून निघालेल्या विदर्भ एक्स्प्रेसचा प्रवास इथे संपतो आणि कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेसही राज्याची अख्खी रुंदी कापून इथेच विसावते. उतरणारा माणूस तांदळाचा खरेदीदार असतो, मिलच्या यंत्रांचा विक्रेता असतो, बँकेचा अधिकारी असतो किंवा तिरोड्याच्या वीज प्रकल्पाकडे निघालेला कंत्राटदार असतो. स्टेशनच्या एका अंगाला रेलटोली, दुसऱ्या अंगाला बाजार. तो गोरेलाल चौक पाहतो, जयस्तंभ चौक ओलांडतो, लॉजवर सामान टाकतो, मिलरच्या गाडीतून मिलवर जातो, नमुन्याचा तांदूळ तळहातावर पसरून तुकडा किती आहे ते बघतो, भाव करतो आणि मिळेल त्या गाडीने परततो. एवढ्या अवधीत शहराविषयी त्याची तीन मते पक्की झालेली असतात. हे शहर मराठी नाही. हा भाग मागास आणि नक्षलग्रस्त आहे. आणि इथे तांदूळ स्वस्त मिळतो.

या तीन मतांची नीट तपासणी व्हायला हवी, कारण धंद्यासाठी आलेल्या माणसाचे पहिले मत त्याच्यापुरते राहत नाही. पर्यटकाला एखादे गाव आवडले नाही तर तो पुन्हा येत नाही, इतकेच. व्यापाऱ्याच्या मतातून मात्र मालाचा दर ठरतो, उधारीची मुदत ठरते, कंपनीची शाखा इथे उघडायची की नागपुरात बसून काम भागवायचे हे ठरते. त्याने पाहिलेले शहर त्याच्या अहवालात जाते आणि ज्यांनी गोंदिया कधी पाहिलेच नाही अशी माणसे त्या अहवालावर निर्णय घेतात. ज्याच्या नजरेवर इतके अवलंबून असते, त्याला नीट पाहण्याची जबाबदारी टाळता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी गोंदियाच्या आधाराने मांडतो आहे.

ही गोष्ट नवी नाही. धंद्यासाठी परक्या आशियाई शहरात आलेल्या माणसाने पहिल्या नजरेत काय पाहिले, याची फार जुनी नोंद महाराष्ट्राच्याच भूमीवरची आहे. रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा होता. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळाभर तिथे अडकला. त्याच्या टिपणांतला पहिला भाग अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. लोक उघडे फिरतात, बायकांची डोकी उघडी असतात, माझा गोरा रंग पाहून लोक मागे लागतात, चिखल संपत नाही. त्यानंतर येते धंद्यातली निराशा. इथे आपल्या देशाच्या उपयोगाचा माल भरपूर मिळेल असे त्याला सांगितले होते; प्रत्यक्षात त्याच्या मुलखासाठी घेण्यासारखे काही नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, असा हिशेब तो मांडतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर मोहराही देईन असे सांगितले. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो घोडा सुटला. इतके सोसलेल्या माणसाने या मुलखाला कायमचा वाईट शेरा देऊन टाकला असता तरी कोणी दोष दिला नसता.

निकितिन मात्र थांबला. बिदरला राहिला, घोडा विकला, लोकांत मिसळला. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत हे त्याने ओळखीच्या हिंदूंना मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर ते खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा यातले काही त्याच्यापासून लपवेनासे झाले. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. त्याच्या टिपणांचा हा पुढचा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी भरीव आहे. कोणते लोक काय खातात, कोणाबरोबर जेवत नाहीत, यात्रेला कुठून कुठून येतात हे त्यात आहे. पहिल्या भागात तो लोकांची अंगे पाहतो, दुसऱ्या भागात त्यांचे व्यवहार. दोन्ही नजरा एकाच व्यापाऱ्याच्या आहेत. मधल्या काळात एकच फरक पडला: तो बाजाराच्या आवारातून बाहेर पडला आणि आपण कोण आहोत हे त्याने आधी सांगितले.

व्यापाऱ्याची नजरच मुळात खोटी, कवीची किंवा अभ्यासकाची तेवढी खरी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. व्यापाऱ्याला काही गोष्टी फार चटकन आणि अचूक दिसतात. गोदामाला गळती आहे का, वजनकाट्यावर माणूस प्रामाणिक आहे का, हमाल वेळेवर येतात का, रस्त्यावर ट्रक वळतो का, दिलेला शब्द पाळला जातो का, हे त्याला अर्ध्या दिवसात कळते. गावाच्या प्रेमात असलेल्या माणसाला ते वर्षानुवर्षे दिसत नाही. शिवाय गोंदियाने तर ही नजर तुच्छ मानूच नये, कारण हे शहर तिच्यातूनच जन्मले आहे. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ टाकले गेले ते तिकडचे धान्य बाहेर काढण्यासाठी. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग घेतला, रुंद केला आणि हावड्याच्या दिशेने पुढे नेला. १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद लोहवाट झाली. त्याच दशकात दक्षिणेला नागभीड-चांद्याकडची लोहवाट आली. चारी दिशांचे रूळ जिथे भेटले तिथे बालाघाटचे मँगनीज, सातपुड्याचे लाकूड, जंगलातली लाख, मोह, तेंदूपत्ता आणि धानपट्टीचे धान एकत्र येऊ लागले. मालामागून माणसे आली. गुजराती आले, मारवाडी आले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. यांतल्या प्रत्येकाची गोंदियाबद्दल एक पहिली नजर होती आणि त्या नजरेने इथे पैसा लावायचे ठरवले म्हणून आजचे शहर उभे आहे. म्हणून प्रश्न व्यापाऱ्याच्या नजरेच्या लायकीचा नाही. ती कुठे थांबते, हा प्रश्न आहे.

आता ती तीन मते एकेक करून पाहू.

हे शहर मराठी नाही, हे पहिले मत. पुण्या-मुंबईहून आलेल्या मराठी माणसाचा तर यात हिरमोड होतो. रिक्षावाला हिंदीत बोलतो, दुकानदार हिंदीत भाव सांगतो, मिलमधला मुनीम हिंदीत हिशेब देतो. महाराष्ट्रात असून असे कसे, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. त्याला माहीत नसते की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबईशी जोडलेलाच नव्हता. तो मध्य प्रांताचा भाग होता आणि त्या प्रांतात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा शेजारी नांदत होत्या. बालाघाट इथून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर आहे. राजनांदगाव, रायपूर याच लोहमार्गावर आहेत. सोयरिकी त्या बाजूला आहेत, बाजारहाट त्या बाजूला आहे. हिंदी इथे कोणाची जागा बळकावून आलेली नाही. ती या चौरस्त्याची देवाणघेवाणीची भाषा आहे. शहराच्या वेशीबाहेर पडले की भाषांचा खरा पसारा सुरू होतो. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या पट्ट्यात घराघरात पोवारी बोलली जाते, लोधींची आपली बोली आहे. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडे झाडीबोली आहे, देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात गोंडी आहे, आणि शाळा मराठीत आहेत. एकच शेतकरी घरात पोवारी, शाळेच्या बैठकीत मराठी आणि धान विकताना हिंदी बोलतो. पाहुण्याच्या वाट्याला त्यातली शेवटची भाषा येते, कारण तो बाजारातच थांबलेला असतो. बाजाराच्या भाषेवरून माणसाचे घर ओळखायला जाणे हा साधा तर्कदोष आहे.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. धान निघालेले असते, हातात थोडा पैसा असतो, माहेरवाशिणी आलेल्या असतात, रात्री दंडार किंवा नाटक असते. झाडीपट्टीची, म्हणजे याच धानपट्टीची, नाटके मराठीत होतात, थंडीत रात्रभर चालतात आणि त्यांना तिकीट काढून गर्दी होते. मराठी रंगभूमी जगेल की नाही याची चिंता शहरांत वाहिली जात असताना, मराठी नसल्याचा शिक्का बसलेल्या या जिल्ह्यातली माणसे कुडकुडत पहाटेपर्यंत मराठी नाटक पाहतात. खरेदीदार नेमका याच दिवसांत गोंदियात असतो, कारण धानाचा हंगाम तोच. मंडईचे गाव त्याच्या लॉजपासून तासाभराच्या अंतरावर असते.

दुसरे मत, मागास आणि नक्षलग्रस्त. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी हिंसेची वर्षे खरोखर भोगली आहेत. पोलीस मेले, आदिवासी मेले, दोन्ही बाजूंच्या संशयात गावे चिरडली गेली. ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण एखाद्या प्रदेशाने सोसलेले दुःख हीच त्याची ओळख म्हणून कायमची चिकटवणे अन्यायाचे आहे. सालेकसा तालुक्यातच कचारगड आहे. डोंगरातली ती प्रचंड गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेशी ती जोडलेली आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांतून लाखो माणसे तिथे येतात. त्यासाठीचे दरेकसा स्थानक हावडा मार्गावरच आहे. रायपूरकडे जाणारा प्रत्येक व्यापारी त्या स्थानकावरून गेलेला असतो. सालेकसा म्हटल्यावर त्याला नक्षलवाद्यांचे दलम आठवते, कचारगड आठवत नाही. कारण दलमची बातमी होते आणि यात्रेची होत नाही.

मागासपणाचेही तसेच. २०११च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा त्या वेळी ९२९ होता. ज्या जिल्ह्यांत उंच इमारती आहेत, गुळगुळीत रस्ते आहेत आणि साखर कारखाने आहेत, त्यांतल्या कित्येकांना हा आकडा गाठता आलेला नाही. प्रगतीची मोजपट्टी कोणती, हे आधी ठरवल्याशिवाय मागास हा शेरा मारता येत नाही. एखाद्या समाजात मुलीला जन्मू आणि जगू दिले जाते की नाही, याहून मूलभूत मोजमाप मला सुचत नाही. खरेदीदाराच्या नजरेत मात्र हे मोजमाप बसत नाही, कारण ते स्टेशन ते मिल या रस्त्यावर दिसत नाही.

तिसरे मत सर्वांत महत्त्वाचे, कारण ते थेट पैशात उतरते. इथे तांदूळ स्वस्त आहे. स्वस्त कोणाला, आणि कोणाच्या जिवावर?

धान इथे येते ते पाण्यावर, आणि इथले पाणी माणसांनी साठवलेले आहे. पूर्व विदर्भात हजारो जुने तलाव आहेत. शासकीय कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाची माणसे जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून पाळ घालत, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत आणि मग बांध्यांत उतरवत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी यांनी बांधल्याची परंपरा आहे. तीनशे वर्षांनीही तो पाणी देतो आहे. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. पण त्याबरोबर तलावांच्या देखभालीची जुनी व्यवस्थाही मोडली आणि तिच्या जागी तेवढी काळजी घेणारी नवी व्यवस्था उभी राहिली नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, काठांवर अतिक्रमणे झाली. पुढे इटियाडोह, पुजारीटोला, कालीसरार, सिरपूर ही धरणे आली आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याला उन्हाळी धानही घेता येऊ लागले. बाकीच्यांची भिस्त अजून पावसावर आणि त्या गाळाने भरलेल्या तलावांवर आहे.

मग येते रोवणी. आषाढात, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून बायका दिवसभर पऱ्हे लावतात. धान कापून, चुरून, पोत्यात भरून शेतकरी खरेदी केंद्रावर जातो तेव्हा त्याच्यासमोर ओलाव्याची अट असते: सतरा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. पण केंद्र उघडायला उशीर झाला, गोदाम आधीच भरलेले असले, बारदाना संपला असला किंवा घरात लग्न, आजारपण, उधारी असली की थांबण्याची ताकद त्याच्यात नसते. तो खासगी व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने देतो. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला दिसणारी स्वस्ताई ही बऱ्याचदा या न थांबता येण्याची किंमत असते. ती त्या मातीचा गुण नसते, त्या माणसाची अडचण असते.

पहिली नजर भाव कशी ठरवते आणि श्रेय कसे गाळते, याचे धानपट्टीतले सर्वांत बोलके उदाहरण एचएमटी तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले नांदेड हे छोटे गाव. तिथले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३च्या सुमारास आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दरवर्षी पेरल्या, निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा, भरपूर उतारा देणारा, चवीला उत्तम असा वाण तयार झाला. तो बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून व्यापाऱ्याने त्याला एचएमटी म्हटले, आणि तेच नाव देशभर झाले. व्यापाऱ्याने दाणा बरोबर ओळखला. त्या दाण्यामागे वर्षानुवर्षे बांधीत उभा असलेला माणूस मात्र त्याला दिसला नाही. पुढे या वाणाच्या श्रेयावरून वाद झाला. राष्ट्रीय पातळीवर सन्मानही झाले. तरी २०१८ साली दादाजी गेले ते आर्थिक ओढाताणीतच. गोंदियाच्या मिलांतून या वाणाचा किती तांदूळ गेला असेल, त्यावर किती जणांची घरे उभी राहिली असतील. ज्या व्यवहारात दाणा पाहिला जातो आणि हात पाहिले जात नाहीत, त्याचा शेवट असाच होतो.

यावर एक खणखणीत आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. व्यापारी म्हणेल: मी समाजशास्त्र शिकायला आलेलो नाही. मला तलावाचा इतिहास, बोलींचा नकाशा आणि यात्रेची तिथी कशाला हवी? बाजारभाव हीच सगळ्या माहितीची गोळाबेरीज असते. पीक कमी आले तर भाव चढतो, जास्त आले तर उतरतो. नमुना प्रयोगशाळेत तपासता येतो. करार कागदावर होतो. प्रत्येक खरेदीदार शेतापर्यंत जाऊ लागला तर धंदा कधी करायचा?

याचे पहिले उत्तर धंद्याच्याच भाषेत देता येते. सरकारी धानाच्या भरडाईचा नियम आहे की मिलरने शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यायचा. इथले मिलर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की इथल्या धानातून तेवढा अखंड तांदूळ निघत नाही, तुकडा जास्त पडतो. विशेषतः उन्हाळी धान कडक उन्हात पिकते, दाण्याला आतून बारीक चिरा जातात आणि भरडताना तो मोडतो. त्यावरचा इथला तोडगा म्हणजे उसना तांदूळ. धान भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे आणि मग भरडायचे. वाफेने दाण्यातला पिष्टपदार्थ मऊ होऊन चिरा बुजतात, वाळल्यावर दाणा कणखर होतो, तुकडा कमी पडतो. हा तांदूळ इथले लोक फारसा खात नाहीत. त्याला मागणी केरळ-तामिळनाडूत आणि समुद्रापलीकडे आहे. बॉयलर पेटतात ते त्याच धानाच्या तुसावर, आणि कोंडा जातो तेल काढायला. आता ज्या खरेदीदाराला हंगाम, ऊन, चिरा आणि वाफ यांचा हा संबंध कळलेला नाही, तो नमुन्यात तुकडा दिसला की मिलरला लबाड ठरवतो किंवा सगळ्या जिल्ह्याच्या मालाला हलका म्हणतो. त्याच्या अहवालात एक वाक्य जाते आणि पुढच्या हंगामाचा दर खाली येतो. बाजारभावात सगळी माहिती येते हे खरे नाही. भाव करणाऱ्याला जेवढी माहिती आहे तेवढीच त्यात येते, आणि त्याचा पूर्वग्रहही त्यातच येतो.

लांबून घेतलेल्या निर्णयांचा अनुभव या शहराला ताजा आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने बासमती वगळता पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ऑगस्टमध्ये उसन्या तांदळावर वीस टक्के शुल्क लावले. देशातले भाव आटोक्यात ठेवण्यासाठी ते आवश्यक वाटले असेल. हे निर्बंध सैल व्हायला २०२४चा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात उसन्याच्या मिलरने काय सोसले, त्याच्या हमालाची किती दिवसांची हजेरी गेली, हे निर्णय घेणाऱ्यांना दिसण्याची काही सोयच नव्हती. आकडे खरे असूनही चित्र अपुरे राहू शकते, ते असे.

दुसरे उत्तर नैतिक आहे आणि माझ्या मते तेच मुख्य आहे. भाव म्हणजे दुसऱ्याच्या श्रमाला दिलेला शेरा. रोवणीचा एक दिवस किती मोलाचा, हे शेवटी त्या मिलच्या कार्यालयात, एका नमुन्याच्या पिशवीवरून ठरते. न्यायाधीशाने साक्ष न ऐकता निकाल दिला तर आपण तो निकाल मानत नाही. मग श्रम न पाहता श्रमाचा निकाल देण्याची मुभा खरेदीदाराला कशी देता येईल? कोणी म्हणेल, न्यायालय आणि बाजार वेगळे. वेगळे खरेच, पण बाजारात अपील नसते, म्हणून तिथे अधिक काळजी हवी.

शहरात न येताच शहरात येऊन जाण्याच्या सोयी आता वाढल्या आहेत. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. त्याची वीज दूर जाते आणि तिथे कामाला येणाऱ्या बाहेरच्या माणसाचा दिवस आवारात सुरू होऊन आवारातच संपू शकतो. बिरसीच्या विमानतळावरून २०२२ मध्ये प्रवासी विमानाने उड्डाण केले. त्याचा आनंद मलाही आहे. जिल्ह्यातल्या रुग्णाला, विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याला अशी सोय हवीच. पण प्रवास जितका वेगवान आणि सोपा होईल, तितकी मधली गावे नजरेआड होतील. वेगाने वाचलेला वेळ पाहण्यात खर्च केला तर तो वेग कामाचा. नाही तर पूर्वी दोन दिवसांत होणारा गैरसमज आता दोन तासांत होईल, एवढेच.

यात गोंदियाचीही एक जबाबदारी आहे. पाहुणा आला की त्याला चांगले हॉटेल, चांगली गाडी आणि मिलचा चकचकीत भाग दाखवायची आपली रीत आहे. आपले गाव नागपूरसारखे, रायपूरसारखे दिसावे यासाठी आपण धडपडतो आणि जे नागपुरात आणि रायपुरात नाही ते दाखवायचे विसरतो. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तो राहतो शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत. त्याचे घरटे बांधीत असताना तेवढे पीक सोडून देणारे शेतकरी इथे आहेत, गणना करणारी आणि अंड्यांची राखण करणारी तरुण मुले इथे आहेत. ज्या बांधीत सारस अंडी घालतो त्या बांधीतल्या पाण्याबद्दल ही केवढी मोठी ग्वाही आहे! ती खरेदीदारापुढे आपण ठेवत नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ लिहिले. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या वास्तव्यातून मराठी वाचकाला पक्ष्यांचे जग दिले. हे दोघेही इथे बाहेरून आलेले. त्यांनी पाहिलेला गोंदिया वाचकांपर्यंत पोचला, पण व्यवहाराच्या टेबलापर्यंत पोचला नाही, कारण आपणच तो तिथे नेला नाही.

बाहेरून आलेल्या धंद्याच्या माणसांपैकी काहींनी पहिल्या नजरेपलीकडे जाऊन दाखवलेले आहे. बिडी उद्योगातून उभे राहिलेले मनोहरभाई पटेल यांचे नाव इथे घ्यावेच लागते. तेंदूपत्ता आणि बिडी यांचा धंदा त्यांना गावोगाव घेऊन गेला. त्या गावांत शाळा नाहीत हे त्यांनी पाहिले आणि गोंदिया शिक्षण संस्थेच्या रूपाने शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभे केले; इटियाडोह, पुजारीटोला या धरणांसाठी झालेल्या प्रयत्नांशीही त्यांचे नाव जोडले जाते. बिडी उद्योगातल्या मजुरीचे आणि आरोग्याचे प्रश्न मोठे आहेत आणि ते झाकण्याचा माझा हेतू नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की माल गोळा करायला निघालेली नजर माणसांपर्यंत पोचू शकते, आणि ती पोचली की प्रदेशाचे भविष्य बदलते. हे धंद्याच्या विरोधात जात नाही; धंद्याच्या पोटातूनच घडते.

म्हणून माझी मागणी साधी आणि व्यवहाराची आहे. गोंदियातून तांदूळ घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या खरेदीदाराने पहिल्या भेटीत एक दिवस जास्तीचा धरावा आणि तो मिलच्या मागे जाण्यासाठी वापरावा: एक खरेदी केंद्र, एक मामा तलाव, एक बांधी. हंगामात एकदा येतो तसे त्याने रोवणीच्या दिवसांतही एकदा यावे. मिलर संघटनांनी आणि बाजार समित्यांनी ही वाट त्याच्यासाठी आखून ठेवावी. आपल्या मुलांनीही, जी आज पुण्याला, हैदराबादला, दुबईला कामासाठी जातात, हाच नियम तिथे पाळावा; नव्या शहराच्या विमानतळावर आणि कार्यालयात जे दिसले त्यावर त्या शहराचा निकाल लिहू नये. आपल्याबद्दल घाईने मत बनवले गेले तर ते किती लागते, हे गोंदियाच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

पहिली नजर टाळता येत नाही. ती कोणालाच टाळता आलेली नाही, निकितिनलाही नाही. पण पहिल्या नजरेला शेवटचा शब्द देणे हे टाळता येते, आणि ज्याच्या शब्दाने दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरतो त्याने ते टाळलेच पाहिजे.